एका फोनवर झालेली बदली : महापेतल्या एका ऑफिसचं प्रकरण

या लेखातली नावं बदललेली आहेत, आडनावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि कंपनी ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. कंपनीने मला बाहेरची व्यक्ती म्हणून चर्चेला बोलावलं होतं, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्यासमोर घडलेलं आहे. जे माझ्यासमोर घडलं नाही ते दोन्ही बाजूंकडून ऐकून लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीतल्या एका इमारतीत दोन मजल्यांवर ही कंपनी आहे. रासायनिक कारखान्यांसाठी पाइपिंगची ड्रॉइंग्ज करून देणं हे काम. अभियंते आणि ड्राफ्ट्समन मिळून दीडशेच्या आसपास माणसं. त्यांच्या भोवती काम करणारी माणसं वेगळी : हाउसकीपिंगचे चारजण, पॅन्ट्रीत सुमनताई, दोन ऑफिस बॉय, तीन ड्रायव्हर. ऑफिस बॉय सोडले तर बाकी सगळे कंत्राटदारामार्फत आलेले. कंत्राटदाराच्या मासिक बिलात सुमनताईंचं नाव नव्हतं. 'पॅन्ट्री – १' एवढीच ओळ होती, आणि पुढे रक्कम.

ही काही वाईट कंपनी नव्हती, हे आधीच सांगायला हवं. शिवीगाळ होत नसे. सगळे 'मावशी', 'काका', 'दादा' म्हणत. दिवाळीला कंत्राटी माणसांनाही मिठाईचा बॉक्स मिळे. आपलं ऑफिस म्हणजे घरासारखं आहे असं संचालिका मनापासून मानत होत्या, आणि त्यांच्या मानण्यात खोट नव्हती.

पण घरासारखं म्हणताना काही गोष्टी कुणी पाहिलेल्या नव्हत्या. सपोर्ट स्टाफला जेवायची ठरलेली वेळ नव्हती. सगळ्यांचं जेवण आटोपलं की सव्वादोनच्या पुढे ते यूपीएसच्या खोलीत पुठ्ठे अंथरून डबे उघडत, आणि चार घास खाऊन होतात तोच व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'केबिन ३, दोन कॉफी' असा मेसेज येई. हा ग्रुप रात्री दहापर्यंत वाजत असे. जेवलेले डबे पॅन्ट्रीच्या ओट्यावर ठेवून जायचे, ते सुमनताईंनी धुवायचे, असा रिवाज पडला होता. ते त्यांच्या कामात बसतं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह हाउसकीपिंगने साफ करायचं, पण वापरायचं तळमजल्यावरचं.

आणि कप. स्टाफसाठी कंपनीचं नाव छापलेले मग, पाहुण्यांसाठी काचेचा सेट, आणि कंत्राटी माणसांसाठी खालच्या फळीवर स्टीलचे पेले. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. 'पूर्वीपासून असंच आहे' हे उत्तर मला चौघांनी दिलं. महाडचा सत्याग्रह १९२७ सालचा, आणि महाड कोकणातच आहे, इथून काही परमुलूख नाही. पाणी कुणी कुठल्या भांड्यातून प्यायचं याचा आपल्याकडे काय अर्थ होतो हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागू नये. त्या फळीपुढून रोज दीडशे शिकलेली माणसं जात होती.

काय घडलं

२०२४ चा पावसाळा. गुजरातमधल्या एका मोठ्या ग्राहकाची माणसं ड्रॉइंग्जच्या मंजुरीसाठी आली होती. पॅन्ट्रीत मदतीला येणारा मुलगा त्या दिवशी रजेवर. सुमनताई एकट्या. मीटिंग रूममध्ये बारा-चौदा माणसं, आणि टेबलभर ए-वन आकाराचे प्रिंट पसरलेले. ट्रे टेकवायला जागा नाही. एका हातावर ट्रे तोलून दुसऱ्या हाताने कप पुढे करताना एकाने खुर्ची मागे घेतली, धक्का लागला आणि चहा प्रिंटवर सांडला.

प्रकल्प विभागाचे प्रमुख हेमंत तिथेच होते. "डोळे कुठे असतात तुमचे? एवढंही जमत नाही का?" असं ते पाहुण्यांसमोर मोठ्याने बोलले. सुमनताईंनी पुसून घेतलं, प्रिंट पुन्हा काढून आणले गेले, मीटिंग पुढे चालली.

प्रकरण एवढंच असतं तर रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य म्हणून मिटलं असतं. पण संध्याकाळी हेमंत यांनी कंत्राटदाराच्या सुपरवायझरला फोन केला. फोनवर त्यांचा आवाज चढला नाही. "उद्यापासून पॅन्ट्रीला दुसरं कुणी पाठवा" एवढंच म्हणाले. सुपरवायझर "हो साहेब" म्हणाला. रात्री नऊ वाजता सुमनताईंना निरोप मिळाला : उद्या महापेला जाऊ नका, तळोज्याच्या साइटवर जा.

सुमनताई दिघ्याला राहतात. दिघा गाव स्टेशन त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालं होतं, त्यामुळे घणसोलीपर्यंत लोकल आणि पुढे शेअर रिक्षा असा त्यांचा प्रवास कधी नव्हे तो सोपा झाला होता. तळोज्याला जायचं तर बेलापूरपर्यंत लोकल, तिथून पेंधरपर्यंत मेट्रो, आणि पुढे रिक्षा. धाकटी मुलगी शाळेतून येते त्या वेळेला घरी पोचणं अशक्य. त्या तळोज्याला गेल्याच नाहीत. कंत्राटदाराने गैरहजेरी लावली.

कंत्राटी पद्धतीत माणसाला काढून टाकावं लागत नाही, हे या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचलं. कारणं दाखवा नोटीस नाही, चौकशी नाही, सही नाही. एक फोन पुरतो. ज्याने फोन केला त्याला आपण कुणाची रोजी हलवली हे कळतही नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्याने फक्त 'बदली माणूस' मागितला. कायमच्या नोकरीतल्या अभियंत्याला हेमंत यांनी असं हलवलं असतं तर मनुष्यबळ विभागाच्या तीन पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या.

प्रश्न कसा वर आला

शलाका ही संचालिकांची असिस्टंट. तीन दिवस पॅन्ट्रीत नवा माणूस दिसला म्हणून तिने ऑफिस बॉयला विचारलं, त्याच्याकडून नंबर घेऊन सुमनताईंना फोन केला, आणि जे कळलं ते संचालिकांना मेलवर लिहिलं. मेल मी वाचला आहे. त्यात एकही विशेषण नाही. काय घडलं, कुणी कुणाला फोन केला, आणि शेवटी एक प्रश्न : 'हा निर्णय कंपनीचा आहे का?'

संचालिकांना या प्रश्नाचं उत्तर देता येईना. कंपनीने निर्णय घेतला नव्हता, आणि तरी तो कंपनीच्या नावाने अमलात आला होता. कंत्राटदारही चुकला असं म्हणता येत नव्हतं. त्याच्या ग्राहकाने, म्हणजे या कंपनीने, सांगितलं, त्याने केलं. "एका बाईसाठी मी क्लायंटला नाराज करू का मॅडम? माझी बावीस माणसं तुमच्यासारख्यांवरच चालतात," असं तो नंतर म्हणाला, आणि त्याच्या जागेवरून ते खरं होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. मनुष्यबळ विभागाचं म्हणणं असं की त्या आपल्या कर्मचारी नाहीत, आपण मध्ये पडलो तर उद्या जबाबदारी अंगावर येईल. हे ऐकायला सावध वाटतं, पण पुरतं खरं नाही. तेव्हा लागू असलेल्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात कंत्राटदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावरच, म्हणजे ज्याच्याकडे काम चालतं त्या कंपनीवरच, टाकलेली होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटदारामार्फत आलेल्या स्त्रीलाही कर्मचारीच मानतो. 'आपल्या नाहीत' ही भिंत कायद्यानेच बऱ्याच ठिकाणी पाडलेली आहे.

दुसरा पर्याय सुमनताईंना गुपचूप परत आणण्याचा. कुणाला काही बोलायचं नाही, पुन्हा एक फोन करायचा. सोपा, बिनखर्चाचा. पण ज्या वाटेने त्या गेल्या ती वाट तशीच उघडी राहिली असती.

तिसरा संचालिकांच्या मनातला. महिन्याच्या सर्वसाधारण बैठकीत हेमंत यांनी सगळ्यांसमोर माफी मागावी. त्या फार दुखावल्या होत्या आणि त्यांना ठळक काहीतरी करायचं होतं. चौथा पर्याय हेमंत यांच्या विभागातून आला. सरांवर कामाचा किती ताण आहे ते पाहा, हा ग्राहक गेला तर वर्षाचं गणित कोलमडेल, एका वाक्यावरून एवढं कशाला.

मी एवढंच सुचवलं की यातलं काहीही ठरवण्याआधी सुमनताईंना विचारावं. आश्चर्य म्हणजे तोवर ते कुणीच केलं नव्हतं. त्यांच्यासाठी भांडणारी शलाकासुद्धा 'त्यांना न्याय मिळायला हवा' म्हणत होती, पण न्याय म्हणजे त्यांच्या लेखी काय, हे तिनेही विचारलं नव्हतं.

निर्णयाचा क्षण

भेट ऑफिसात नको असं सुमनताई म्हणाल्या. घणसोली स्टेशनबाहेरच्या एका उपाहारगृहात आम्ही बसलो : त्या, शलाका, प्रशासन अधिकारी आणि मी.

माफीचं ऐकताच त्यांनी हात जोडले. "नको हो ताई. सगळ्यांसमोर साहेबांनी माफी मागितली तर तमाशा माझाच होईल. साहेब आज मागतील, उद्यापासून मला त्यांच्या केबिनमध्ये चहा न्यायचाय." ओरडले त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. "चहा सांडला ते खरंच ना? रागावणारच माणूस. पण मला विचारायचं तरी. आठ वर्षं झाली, उद्या येऊ नको हे मला तिसऱ्याच माणसाने रात्री सांगितलं."

त्यांच्या मागण्या तीन होत्या. महापेलाच परत काम, गैरहजेरीत धरलेल्या दिवसांचा पगार, आणि जेवताना हाक मारू नये. तिसरी मागणी सांगताना त्या जरा थांबल्या, ही जास्त होत नाही ना अशा नजरेने त्यांनी आमच्याकडे पाहिलं. नंतर, निघता निघता, पगाराचा विषय निघाला. पगार कधीच दहा तारखेच्या आत होत नाही, कधी अठरा, कधी वीस. घरभाडं पाच तारखेला द्यावं लागतं.

या शेवटच्या वाक्याने प्रकरणाची दिशा बदलली. संचालिकांनी कंत्राटदाराला जाब विचारला, तेव्हा त्याने आपली वही पुढे केली. कंपनीचा लेखा विभाग त्याची बिलं साठ-साठ दिवस थकवत होता. मोठ्या पुरवठादारांची बिलं आधी निघत, हाउसकीपिंगचं बिल सर्वांत शेवटी. त्यात वाईट हेतू नव्हता. त्या बिलासाठी कुणी आरडाओरडा करत नसे, एवढंच. 'मावशी, बरं आहे ना?' असं रोज विचारणाऱ्या ऑफिसनेच त्यांचं घरभाडं दर महिन्याला थकवलं होतं.

काय केलं

सुमनताई पुढच्या सोमवारी कामावर परत आल्या. मधल्या दिवसांचा पगार कंपनीने बिलात वाढवून दिला.

हेमंत यांच्याशी संचालिका एकट्या बोलल्या. त्यांना लेखी समज देण्यात आली. ओरडण्याबद्दल नाही, अधिकार नसताना परस्पर माणूस हलवल्याबद्दल. हा फरक महत्त्वाचा ठरला, कारण ओरडण्यावर ते वाद घालू शकले असते, फोनवर घालू शकले नाहीत. मग प्रशासन अधिकाऱ्यासमोर ते सुमनताईंना भेटले आणि म्हणाले, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं." सुमनताई "हो साहेब" म्हणाल्या. भेट दोन मिनिटांत संपली. मला ती अपुरी वाटली, पण सुमनताईंना पुरेशी वाटली, आणि मोजायचं त्यांच्या मापानेच होतं.

कंत्राटदाराशी असलेल्या करारात एक कलम वाढवलं. माणूस बदलायची मागणी फक्त प्रशासन विभाग करील, ती लेखी असेल, तिच्यात कारण असेल, आणि आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकलेलं असेल. बिलाच्या जोडपत्रात आता नावं असतात. हे बिल हाती आल्यापासून पंधरा दिवसांत चुकतं करायचं आणि पगार सात तारखेच्या आत व्हायचे, असं ठरलं. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही मासिक पगारासाठी पुढच्या महिन्याची सात तारीख हीच मुदत आहे. कुणी काढलं, कमी केलं किंवा स्वतः सोडलं, तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब द्यायचा आहे.)

जेवणाची वेळ एक पंचेचाळीस ते अडीच. त्या वेळात पॅन्ट्री बंद, बाहेर थर्मास आणि पाण्याचा कूलर, ज्याला हवं त्याने घ्यावं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप बंद केला. पाहुण्यांचा चहा-नाश्ता शलाका किंवा रिसेप्शनवरूनच सांगितला जाईल असं ठरलं. मीटिंग रूममध्ये भिंतीलगत एक छोटं टेबल आलं. चहा तिथे ठेवतात, ज्याचा त्याने उचलायचा. हे टेबल आधी असतं तर चहा सांडलाच नसता. डबे ज्याचे त्याने धुवावेत. वरचं स्वच्छतागृह सगळ्यांसाठी. पेले काढून टाकले. आता सगळ्यांसाठी सारखेच मग, आणि तेही एकाच फळीवर. त्या आठवड्यात दोघांनी घरून स्वतःचे मग आणले. कुणी काही बोललं नाही, पण सपोर्ट स्टाफच्या ते लक्षात आलं. सगळ्यांच्याच लक्षात यावं असं मला वाटतं.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकण्यासाठी २०१३ च्या कायद्याखाली असलेल्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांनी हाउसकीपिंगच्या बायकांना बसवून मराठीत आणि हिंदीत माहिती दिली. समितीवर कोण आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

पुढे काय झालं

जेवणाची वेळ टिकली. पहिले काही आठवडे बंद दारावर टकटक होई. प्रशासन अधिकारी स्वतः बाहेर उभे राहू लागले, तशी ती थांबली. पगार बहुतेक महिने वेळेवर झाले. लेखा विभागातला माणूस बदलला तेव्हा एकदा चुकले, पण तेव्हा सुमनताईंनी स्वतः जाऊन विचारलं, शलाकाला मध्ये घातलं नाही. डबे धुण्याचा नियम मात्र अर्धाच पाळला जातो. काहीजण धुतात, काहींचे डबे ओट्यावर तसेच पडलेले असतात आणि संध्याकाळी ते कुणीतरी धुतंच.

हेमंत यांच्यात फार मोठा बदल झाला असं मी म्हणणार नाही. ते आता पॅन्ट्रीत कुणाला थेट काही सांगत नाहीत, सगळं रिसेप्शनमार्फत. यात आदर किती आणि अंतर किती, हे मला सांगता येणार नाही. ग्राहक टिकला. चहा सांडल्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

किंमत मोजली ती शलाकाने. हेमंत तिच्याशी कामापुरतंही बोलेनासे झाले. संचालिकांची वेळ तिच्याकडे न मागता थेट मेसेज करू लागले. त्यांच्या विभागात तिला 'युनियन लीडर' म्हणू लागले, तेही हसत हसत, म्हणजे तक्रार करायला जागा नाही. असिस्टंटचं काम माणसांच्या सहकार्यावर चालतं, आणि ते सहकार्य न बोलता काढून घेता येतं. सहा-सात महिन्यांनी तिने ऐरोलीतल्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरली. जाताना कारण विचारलं तेव्हा तिने 'वाढीची संधी' असं लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथेच झाली. आवाज उठवणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं यावर कुणी लक्ष ठेवलं नाही. सगळ्यांची नजर सुमनताईंवर होती, आणि शलाका त्यांच्याच साखळीतली पुढची कडी आहे हे विसरलं गेलं. तिचा पगार जास्त, इंग्रजी चांगलं, टेबल संचालिकांच्या केबिनबाहेर. म्हणून ती सुरक्षित आहे असं गृहीत धरलं. हेमंत यांना समज देताना त्यात एक ओळ हवी होती : मेल लिहिणाऱ्या व्यक्तीशी वागण्यात फरक पडलेला चालणार नाही. आणि दर महिन्याला संचालिकांनी शलाकाला एकटीला विचारायला हवं होतं की कामं वेळेवर येतात का, कोण टाळतं का. हे तिचं काम नव्हतं, त्यांचं होतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. सुमनताईंना काय हवं ते विचारायला आठवडा लागला. पहिल्याच दिवशी कुणी फोन केला असता तर गैरहजेरीच लागली नसती. अशा प्रसंगी आधी धोरण, मग कायदा, मग भावना असा क्रम लागतो आणि ज्याच्यावर बेतलं तो माणूस शेवटी येतो. मनुष्यबळ विभागाने पहिल्याच बैठकीत कराराची प्रत मागवली होती, सुमनताईंचा नंबर मात्र त्या विभागात कुणाकडे नव्हता.

ड्रायव्हरांचा विषय तर आम्ही हातातच घेतला नाही. रात्री उशिरापर्यंत गाडीत थांबणं, जेवण कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे सगळं तसंच आहे. पॅन्ट्री डोळ्यांसमोर होती म्हणून सुधारली, पार्किंग तळघरात आहे.

गेटवरच्या सुरक्षारक्षकाचंही तेच. तो बारा तास उभा असतो. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी असं कायद्यात घातलं. आपल्या गेटवर एक खुर्ची ठेवायला तेवढंही लागू नये. पण रक्षक इमारतीच्या व्यवस्थापनाचा, कंपनीचा नाही, आणि व्यवस्थापनाचं म्हणणं असं की खुर्ची दिली की माणूस झोपतो. कंपनीने एकदा पत्र दिलं, उत्तर आलं नाही. इमारतीत आणखी पाच कंपन्या आहेत. सगळ्यांनी एकाच पत्रावर सह्या कराव्यात असं प्रशासन अधिकाऱ्यांना मी सुचवलं आहे, आणि दोन कंपन्यांच्या सह्या आतापर्यंत झाल्या आहेत.